लाल दिव्यावरचा तुकडा

१

पोलीस ठाण्याच्या मागच्या आवारात ठोकलेल्या गाड्या एका ओळीत सडत पडल्या होत्या. सगळ्यात शेवटी एक छोटी निळी गाडी होती. तिचं नाक पार आत गेलं होतं, पण मागचा अर्धा भाग असा नीटनेटका, जणू त्याला पुढे काय झालं हे कुणी कळवलंच नव्हतं.

सर्व्हेअरबाई तिच्याभोवती दुसऱ्यांदा फिरल्या. विमा कंपन्यांसाठी ठोकलेल्या गाड्या तपासण्यात बाईंचे केस पांढरे झाले होते. गाडी कशी ठोकली, दुरुस्तीला काय लागेल आणि समोरचा माणूस किती थापा मारतोय, हे त्या सहसा एकाच फेरीत ओळखत. त्यांची स्वतःची गाडी इतकी जुनी होती की काच वर घ्यायला दोन्ही हात लावावे लागत. तिला कुणी गिऱ्हाईक मिळालं असतं तर बाईंनी आधी त्याचीच चौकशी केली असती.

या गाडीत एक नर्स गेली होती. रस्त्यात बंद पडलेला ट्रक वळणावर उभा होता. तिने ब्रेक दाबले, गाडी बरीचशी हळू झाली आणि तरीही जाऊन आदळली. डॉक्टर म्हणाले, स्टिअरिंग छातीवर बसलं, एअरबॅग उघडली असती तर पोरगी चालत घरी गेली असती. एअरबॅग स्टिअरिंगच्या पोटात घडी करून तशीच पडली होती. पोलिसांनी अपघात म्हणून प्रकरण मिटवलं. कंपनीचंही काम संपलं होतं. पण बाईंना घडी केलेली ती एअरबॅग रात्रंदिवस छळत होती.

त्यांनी आपल्या गाडीच्या बॅटरीला वायरी जोडल्या, दुसरी टोकं निळ्या गाडीला लावली आणि किल्ली फिरवली. डायलवर एकेक दिवा पेटला. ऑइलचा, बॅटरीचा, इंजिनचा, हँडब्रेकचा. किल्ली फिरवली की सगळे दिवे एकदा पेटायलाच हवेत. त्यावरून कळतं की ते जिवंत आहेत. एअरबॅगचा लाल दिवा मात्र पेटला नाही.

बाईंनी स्क्रू काढून डायल बाहेर ओढला आणि मागून आत पाहिलं. बल्ब ठणठणीत पेटला होता. त्याच्यासमोर कुणीतरी नखाएवढा काळा तुकडा चिकटवून ठेवला होता. त्यांनी चिमट्याने तो सोडवला. टेप नव्हती ती. कसलंसं कडक कापड होतं आणि त्याच्या चारही कडा बारीक करवतीसारख्या दातेरी होत्या.

एअरबॅग बिघडली की तो दिवा पेटलेलाच राहतो. म्हणजे ज्याने तो झाकला, त्याला ही एअरबॅग उघडणार नाही हे पक्कं ठाऊक होतं.

२

नर्सच्या वडिलांचं शिलाईचं दुकान होतं. सगळे त्यांना मास्तर म्हणत. बायको कधीच गेली होती आणि एकुलती एक लेक आता अशी गेली. दुकान उघडं होतं, कारण घरी बसून करायचं काय हा प्रश्नच होता. भिंतीवर कापडांचे नमुने टाचलेले होते, टेबलावर अर्धवट कोट पसरला होता आणि मास्तरांचे हात त्यांना न विचारता काम करत होते.

बाईंनी दिव्याची हकीकत सांगितली. कशाने झाकला ते सांगितलं नाही. अशा गोष्टी त्या हातच्या राखून ठेवत.

मास्तरांची कात्री मध्येच थांबली. 

"असं करतात लोक," ते म्हणाले. "विकायच्या आधी."

"करतात."

"मला तो माणूस हवाय, बाई. पोलीस नकोत, कोर्ट नको. फक्त तो माझ्यासमोर बसायला हवा. त्याला विचारायचंय की तुला रात्री झोप लागते का."

"माझं काम संपलंय, मास्तर. कंपनी मला याचे पैसे देणार नाही."

"मी देईन."

"तुमच्याकडून घेणार नाही," बाई म्हणाल्या, आणि तिथेच फसल्या. नाही म्हणायचं होतं ते राहूनच गेलं.

बोलता बोलता मास्तरांनी बाईंच्या खांद्यावरची पिशवी मागून घेतली. तिचा पट्टा फाटला होता. हात रिकामे राहिले की मला लेक दिसते, म्हणाले, आणि रफू करायला बसले. टाके इतके बारीक की बाईंना चष्मा लावूनही फाटलेली जागा सापडेना. शेवटी गाठ म्हणून त्यांनी दोन टाके एकमेकांवर आडवे घातले, फुलीसारखे.

"तिने गाडी घेतली हे मला पोलिसांकडून कळलं," मास्तर म्हणाले. "मला फोनवर एवढंच म्हणाली होती, बाबा, रविवारी येते, एक गंमत दाखवायचीय. माझ्याकडेच यायला निघाली होती ती. मी दुपारभर दारात उभा होतो."

"तुम्ही गाडी पाहिलीत?"

"नाही. निळी होती म्हणतात. मला नाही बघवणार." त्यांनी दोरा दाताने तोडला. "हे सगळं जावयाचं काम आहे. चिकट माणूस. स्वस्तातलं भंगार तिच्या गळ्यात मारलं. मी त्याला आजच निरोप देतो, ज्याने हे केलं तो सापडेपर्यंत माझ्या उंबऱ्याच्या आत यायचं नाही. गाड्यांतलं मलाही कळतं थोडं. माझ्याकडे होती एक पांढरी, सेकंडहँडच. तळहातावरच्या फोडासारखी जपली होती. लेक म्हणायची, बाबा, तुमच्याइतकी गाडी कुणी जपत नाही."

एवढं बोलून ते पुन्हा कोटाकडे वळले. बाई निघाल्या तेव्हा त्यांना एकच गोष्ट खटकत होती. मास्तर एवढे संतापले होते, पण दिवा झाकणाऱ्याला त्यांनी एक शिवीसुद्धा दिली नव्हती.

३

जुन्या गाड्यांच्या बाजारात ज्याला पॉलिशशेठ म्हणत, तो गाडीला आणि स्वतःच्या केसांना एकाच निष्ठेने चमकवत असे. बाईंना पाहून त्याने खुर्ची पुसली. सर्व्हेअर दारात आली की तो आधी खुर्ची पुसायचा आणि मग खोटं बोलायचा. आज मात्र तो लवकर खरं बोलला, कारण घाबरला होता.

"मॅडम, कशाला लपवू, दिवे आम्हीही घालवतो. बाजारात कोण घालवत नाही? पण आम्ही सरळ बल्ब उपटतो. फार तर टेपचा तुकडा मारतो. हे एवढं नाजूक काम करत कोण बसणार? तेवढ्या वेळात मी दुसरी गाडी विकीन."

हे बाईंना पटलं. तुकडा त्यांच्या पाकिटात होता आणि तो घाईने चिकटवलेला नव्हता.

"गाडी आली कुठून?"

"बाहेरगावच्या लिलावातून उचलली. चौथा मालक. कागदावर फक्त शेवटच्याचं नाव असतं, आधीचे कोण ते मलाही ठाऊक नाही."

"आणि तिने काही तपासलं नाही?"

पॉलिशशेठने कपाळाला हात लावला. "ती नर्सताई? तिने माझा जीव खाल्ला होता, मॅडम. दर सुट्टीला यायची. किल्ली फिरवून दिवे मोजायची, रबर उचकटून आतला रंग बघायची, ऑइलचं झाकण काढून वास घ्यायची. माझ्या निम्म्या गाड्या तिने नापास केल्या. एकीचा एअरबॅगचा दिवाच पेटत नाही म्हणून मला चार लोकांत झापलं. मी म्हटलं, ताई, त्यापेक्षा माझ्याकडे कामालाच या."

"मग हिच्या दिव्याचं लक्षात कसं आलं नाही?"

"हिची तर किल्लीसुद्धा फिरवली नाही." शेठने आवाज खाली आणला. "आली, हिच्यापाशी थबकली. वाकून मागच्या दाराची कड बघितली. मग पुढे बसायचं सोडून मागे जाऊन बसली. गाडी घेणारा माणूस कधी मागच्या सीटवर आधी बसलेला बघितलाय तुम्ही? सीटकव्हरच्या खाली हात घातला आणि तशीच बसून राहिली. बाहेर आली तर डोळे ओले, आणि हसत होती. म्हणाली, हीच द्या. भावसुद्धा केला नाही."

"तुम्ही विचारलं नाहीत, का म्हणून?"

"गिऱ्हाईक भाव करत नसेल तर मी कशाला तोंड उघडू?"

बाई बाहेर आल्या आणि आपल्या गाडीची काच दोन्ही हातांनी ओढत तिथेच उभ्या राहिल्या. दिवा कुणी झाकला हा आता दुसरा प्रश्न झाला होता. जी पोरगी प्रत्येक गाडीवर संशय घेत होती, तिने या एकाच गाडीवर डोळे मिटून विश्वास का ठेवला, हा पहिला होता.

४

जावई मोबाईल दुरुस्त करायचा. हातगाडीएवढी टपरी, बारीक स्क्रूड्रायव्हर, चिमटे, काळ्या टेपची गुंडाळी आणि कात्री. डायल उघडून दिवा झाकायला याहून सोयीचा माणूस सापडला नसता. बाईंनी टेपचा एक तुकडा मागितला, कात्रीने कापून पाहिला. टेप गुळगुळीत प्लास्टिकची होती आणि कड सरळ कापली गेली.

"मी केलं असं वाटतंय ना?" जावई म्हणाला. दाढी वाढली होती आणि शर्टाचं एक बटण तुटलेलं होतं. टेलरच्या जावयाचा शर्ट असा पाहून बाईंना कसंसंच झालं.

"मास्तरांना वाटतंय."

"मास्तर म्हणतात, मी चिकटपणा केला. केलाच. काटकसर सोडून आमच्याकडे होतं काय? पण ती म्हणेल ती गाडी घ्यायची, एवढंच आमचं ठरलं होतं. कारण तपासायचं तिलाच कळायचं. ही आवडली म्हणाली तेव्हा मी म्हटलं, आधी मिस्त्रीला दाखवू. तर म्हणाली, हिला तपासायचं नसतं. ही जपलेली गाडी आहे."

"कुणी जपलेली?"

"मीही तेच विचारलं. नुसती हसली. म्हणाली, रविवारी कळेल सगळ्यांना." त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "ताई, तो माणूस सापडला तर मला सांगा. मला त्याच्याशी भांडायचं नाही. मला फक्त मास्तरांच्या दारात जाऊन उभं राहायचंय. तिच्याबद्दल बोलायला दुसरं कुणी उरलंच नाही हो."

मिस्त्रीचं गॅरेज दोन गल्ल्या सोडून होतं. गाडी घेतल्यावर तिने त्याच्याकडून ऑइल आणि ब्रेक करून घेतले होते. बाईंनी त्याच्यासमोर डायल ठेवला. त्याने तो उजेडाकडे धरला आणि गोंदाच्या डागावर नख टेकवलं.

"हे आत्ताचं नाही, ताई. गोंद पिवळा पडून काचेसारखा झालाय. कितीतरी उन्हाळे बघितलेत याने. शेठच्या हातात गाडी यायच्या आधीचं आहे, त्याच्या आधीच्याच्याही आधीचं असेल."

"मग दिवा नाही हे तुझ्या लक्षात नाही आलं?"

"ऑइल आणि ब्रेक सांगितलं होतं, तेवढं केलं. आता रोज आठवतं." तो हात पुसत राहिला. "गाडी मूळ पांढरी होती, एवढं मात्र बघितलं होतं. मागच्या दाराच्या रबराखाली अजून पांढरा रंग आहे. बाहेरगावी जाऊन निळी झाली, नंबर बदलला आणि फिरून इथेच आली."

बाईंनी डायल उचलला. मागच्या दाराची कड. पांढरी.

५

परत आवारात जायची बाईंची इच्छा नव्हती. माणसाला काही गोष्टी कळायच्या आधीच नको असतात. तरी त्या गेल्या आणि निळ्या गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसल्या.

शेठने घातलेलं चकचकीत सीटकव्हर त्यांनी कडेने सोडवलं. खाली मूळचं करडं कापड होतं, मळलेलं, पण धड. त्यांनी बोटं फिरवली. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. मग एका जागी बोटाला किंचित जाडसर लागलं. बोटभर लांबीची फट कुणीतरी कधीकाळी रफू केली होती, धाग्याला धागा जुळवून. शेवटी दोन टाके आडवे होते, फुलीसारखे.

बाईंनी खांद्यावरची पिशवी काढली आणि पट्टा खिडकीपाशी धरला. मग सीटकडे पाहिलं. मग पुन्हा पट्ट्याकडे. तसेच दोन आडवे टाके त्यांनी स्वतःच्या डोळ्यांसमोर घातले जाताना पाहिले होते.

पाकिटातला काळा तुकडा त्यांनी तळहातावर घेतला. टेप हाताशी असताना कापड कोण वापरतं? ज्याच्या हाताशी कापड असतं तो. आणि कुणालाही कधीच न दिसणाऱ्या, नखाएवढ्या तुकड्याचेही धागे सुटू नयेत म्हणून दातेरी कात्रीने कडा कोण कापतं? ज्याच्याच्याने कापड दुसऱ्या तऱ्हेने कापवतच नाही तो. मास्तरांच्या भिंतीवरच्या प्रत्येक नमुन्याची कड अशीच होती. बाई त्या भिंतीसमोर अख्खी दुपार बसल्या होत्या.

आणि पोरीला कसलाच संशय आला नाही, कारण ही सीट तिच्या लहानपणाची होती. सगळ्या बाजारात तिला एकच गाडी अशी सापडली जिच्यावर विश्वास ठेवता येत होता. ती बाबांनी जपलेली होती.

बाई बऱ्याच वेळाने उठल्या. मास्तरांना काय सांगायचं ते त्यांनी ठरवलं होतं. काहीच सांगायचं नव्हतं.

६

"सापडला नाही," बाई दुकानात शिरताच म्हणाल्या. "आधीच्या मालकांपैकी कुणीतरी. आता शोध लागणार नाही. सोडून द्या, मास्तर."

मास्तरांनी मशीन थांबवलं. "जावई नाही?"

"जावई नाही. त्याला घरी बोलवा. भला माणूस आहे."

"शेठ? मिस्त्री?"

"नाही. त्यांच्या आधीचं आहे."

"दुसऱ्यांच्या थापा पकडायला शिकलात," मास्तर म्हणाले, "मारायला नाही शिकलात. पिशवी उलटी का धरलीय?"

बाईंनी खाली पाहिलं. रफू केलेला पट्टा त्यांनी नकळत मुठीत लपवला होता.

"दिवा कशाने झाकला होता, ते तुम्ही मला सांगितलंच नाहीत." मास्तरांचा आवाज आता अगदी हळू झाला होता. "टेपने झाकला असता तर सांगितलं असतंत."

मास्तरांनी हात पुढे केला आणि तो मागे घेईनात. शेवटी बाईंनी पाकीट टेबलावर ठेवलं. मास्तरांनी चष्मा लावला, तुकडा बोटावर घेतला. उलटवून बघायचीही त्यांना गरज पडली नाही.

"बकरम आहे," ते म्हणाले. "कॉलरच्या आत घालतात. काळं कमीच लोक वापरतात." त्यांनी बोटाने एक दातेरी कड चाचपली. "गाडी निळी होती ना?"

"आधी पांढरी होती."

बाहेर रस्त्यावर कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, पुन्हा पुन्हा किल्ली फिरवल्याचा आवाज येत होता.

"मागे बसली होती का ती? आधी?"

"हो. मागेच."

"मग रफू सापडला असणार." मास्तर बोटाने टेबलावर ती फट आखत होते. "शाळेचं काहीतरी कापत होती सीटवर बसून, कात्री कापडात गेली. रडायला लागली. मी रफू करून दिला आणि म्हटलं, बघ, आता कुणाला दिसणारसुद्धा नाही. फार खूश झाली. नंतर कितीतरी दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, शोधून दाखवा."

बाईंना तिथून उठून जावंसं वाटलं. त्या उठल्या नाहीत.

"दिवा लागायला लागला तेव्हा तिचं नर्सिंगचं ठरलं होतं," मास्तर म्हणाले. "गाडी विकून फी भरायची होती. दुरुस्तीत निम्मी किंमत गेली असती. म्हटलं, कुणीतरी घेईल. तुम्ही परवा आलात तेव्हा मला ते आठवलं होतं, बाई. मनात म्हटलं, मीही असंच केलं होतं, पण माझी गाडी पांढरी होती आणि लांब गेली. कुणीतरी म्हणजे कोण, एवढा विचार मी तेव्हा केला नाही आणि परवाही केला नाही." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तिने विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पण तिला गंमत करायची होती ना."

"तिला हे कळलं नाही, मास्तर. ती खुशीत होती. शेठने पाहिलंय, हसत होती."

"हो," मास्तर म्हणाले. "तेच तर."

त्यांनी तुकडा पाकिटात परत ठेवला, कडा दुमडणार नाहीत अशा बेताने. टेबलावरचा अर्धवट कोट घडी करून बाजूला सारला. मग फोन उचलला. नंबर शोधायला त्यांना वेळ लागला. बाईंनी मदतीला हात पुढे केला, त्यांनी मान हलवली.

"जावईबापू," ते म्हणाले. "मी बोलतोय. या तुम्ही. हो, दुकानात या, आत या. सापडला तो. नाही, घाई करू नका, सावकाश गाडी चालवा. तो कुठे जात नाही. इथेच बसलाय, माझ्या खुर्चीत."